मदत हवी आहे: रनिंग आणि क्लास दोन्ही चालू आहे, पाय पूर्ण डेड, टाइमटेबल कसं लावू?

धरमपेठची_पोर
नमस्कार मंडळी, जरा पटकन उत्तर द्या कारण माझ्याकडे दिवस फार कमी आहेत. जानेवारीत रेस आहे आणि त्याच्या आधी डिसेंबरात स्पर्धा. सकाळी रनिंग, संध्याकाळी क्लास, असं जूनपासून चालू आहे. सप्टेंबरपर्यंत सगळं मस्त होतं, पण आता तीन आठवडे झाले पायच उचलत नाहीयेत. ज्या पेसला मी गप्पा मारत पळायची त्याच पेसला धाप लागून राहिली आहे, सेमिनरी हिल्सच्या चढावर काल चक्क चालले, आणि क्लासमध्ये दुसऱ्या राउंडलाच पकड सुटते. परवा तर ज्या मुलीला मी कायम फेकते तिनं मला लागोपाठ दोनदा फेकलं, घरी येऊन रडले मी. सर म्हणतात रनिंग सोड, ग्रुपवाले म्हणतात क्लास सोड. मला दोन्ही सोडायचं नाहीये. आठवडा कसा लावू तेवढं सांगा. आणि प्लीज "आराम कर" कोणी सांगू नका, ते घरचे रोज सांगतात.

निळा_पट्टा
ताई, मी पण कराटे करतो, शोतोकान. माझा अनुभव सांगतो, रनिंगच्या दिवशी कुमिते म्हणजे लढत नको, फक्त काता, म्हणजे ठरलेल्या हालचाली करायच्या, सावकाश, श्वासावर लक्ष ठेवून. स्टान्स खाली ठेवले की मांड्यांची ताकद आपोआप येते. तुमचा बेल्ट कोणता?

गोल्डन_स्कोअर
अरे निळ्या, ती "फेकलं" म्हणते आहे, "पकड" म्हणते आहे. कराटे नाही हे, ज्युदो दिसतंय, नाहीतर कुस्ती. ताई, क्लास कसला, आठवड्यातून किती दिवस, रेस किती किलोमीटरची, डिसेंबरात कोणत्या तारखेला काय, हे काहीच लिहिलं नाहीस. टाइमटेबल हवेत लावायचं का?

धरमपेठची_पोर
सॉरी, वाटलं कळेल. ज्युदो. सोम, बुध, शुक्र, शनि, सात ते नऊ. रेस म्हणजे मुंबईची फुल मॅरेथॉन, तिसरा रविवार. स्पर्धा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. रनिंग आठवड्याला ६० ते ६५ होतं: मंगळवारी ट्रॅकवर ८०० चे रिपीट, गुरुवारी टेम्पो (एकसारख्या वेगात जोरात), रविवारी लाँग रन (मागचा २८ झाला), बाकी दोन दिवस इझी.

पहाटे_साडेचार
फुटाळा तलावावर दिसत असशील तू, आम्ही पण तिथूनच सुरू करतो. गेल्या रविवारी वायुसेनेच्या गेटपाशी त्या कुत्र्यांनी परत पाठलाग केला, कोणी काही करत नाही. असो. प्लॅन तर बरोबर वाटतोय. शूज किती किलोमीटर झाले? सातशे-आठशेच्या वर गेले असतील तर आधी ते बदल, माझे पाय असेच डेड झाले होते आणि नवीन शूज घेतल्यावर आठ दिवसांत फरक पडला. कार्बन प्लेटवाले ट्रेनिंगला वापरू नकोस. घड्याळ कोणतं आहे?

गोल्डन_स्कोअर
शूज-घड्याळ नंतर. आठवडा मोजा जरा. चार मिनिटांची एक रँदोरी, म्हणजे सरावाची मोकळी लढत, काय असते हे ज्यानं केली त्यालाच माहीत, समोरचा ओढतोय, ढकलतोय, तुम्ही श्वास रोखून धरलाय, नाडी १८० ला. अशा पाच-सहा होतात एका क्लासला. म्हणजे ज्युदो हेच तिचं इंटरव्हल ट्रेनिंग आहे, तेही चार वेळा. त्यावर मंगळवारी ८००, गुरुवारी टेम्पो, रविवारी २८. सात दिवसांतले सात दिवस कडक. माझं मत स्पष्ट आहे: ८०० बंद, टेम्पो बंद. रनिंग सगळं हळू, बोलता येईल असं.

पहाटे_साडेचार
हे अर्धंच बरोबर आहे. नाडी वर गेली म्हणजे रनिंगची तयारी झाली असं नसतं. ३० किलोमीटरनंतर पोटऱ्या, अकिलीस, तळवे यांना जो मार बसतो तो गादीवर उड्या मारून येत नाही. तिला मॅरेथॉन पेस पायात बसवावाच लागेल. ८०० सोड म्हणा हवं तर, पण टेम्पो नाही. टेम्पो सोडून फुल पळायला जाणं म्हणजे अभ्यास न करता बोर्डाला बसणं.

गोल्डन_स्कोअर
"गादीवर उड्या" म्हणू नका दादा, एकदा या क्लासला, पन्नास उचिकोमी (फेकण्याचा तोच डाव परत परत) मारून दाखवा मग बोलू. आणि हे माझ्या मनाचं नाही. हिक्सन नावाच्या माणसानं १९८० मध्ये हेच तपासलं होतं, दहा आठवडे एका गटाला फक्त ताकदीचा व्यायाम, एकाला फक्त दमाचा, एकाला दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांचा दम वाढला पण ताकद सात-आठ आठवड्यांनी थांबली आणि मग उतरायला लागली. हिनं पण जूनला सुरू केलं, आता पकड सुटते आहे. डिसेंबर आधी येतो, जानेवारी नंतर.

पहाटे_साडेचार
मग त्याच हिक्सनच्या लोकांचा दम कमी झाला नाही हे पण वाच ना. हिचा दम सुद्धा गेलाय. इझी पेसला धाप लागते म्हणते ती. तुझ्या थिअरीत ते बसत नाही.

जुना_आखाडा
पोरी, आमच्या टायमाले हे झोन, टेम्पो काही नव्हतं. पहाटे उठून दोनशे जोर, चारशे बैठका, मग रपेट. मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो, १९१४ सालची संस्था आहे ती, तिथं लाठीकाठी, मल्लखांब, कुस्ती, सगळं एकाच अंगात बसवत. पण एक सांगतो तुले, वस्ताद आधी इचारे का रात्री काय खाल्लं. रिकाम्या पोटी आलेल्या पोट्ट्याले मातीत उतरू देत नव्हता. दूध-बदाम चालू आहे ना?

सायकलवाला_हिंगणा
मी तर म्हणतो रनिंगच्या ऐवजी सायकल घ्या. गुडघे वाचतात, दम वाढतो. आपल्याच नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करायची रॅम ही सायकल रेस सोलो, म्हणजे एकट्यानं, पूर्ण करून आले, म्हणजे आपल्या उन्हात तयार झालेला माणूस काय करू शकतो बघा. रविवारी रामटेक जाऊन येऊन शंभर होतात, रस्ता चांगला आहे. २०० किमीच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड) साडेतेरा तास मिळतात, आरामात होते. इच्छुकांनी मेसेज करा.

गोल्डन_स्कोअर
भाऊ तिनं मॅरेथॉनचं विचारलंय.

सायकलवाला_हिंगणा
क्रॉस ट्रेनिंग पण सांगू नये का मग?

ओपीडीनंतर
धागा सकाळपासून वाचते आहे, आत्ता वेळ मिळाला. आखाडावाले काका एकटेच कामाचं बोलले. पोर ग, मला टाइमटेबल नको, हे सांग: डिसेंबरात कोणत्या वजनगटात खेळणार आहेस? आत्ता वजन किती? सप्टेंबरमध्ये किती होतं? कालच्या दिवसात उठल्यापासून झोपेपर्यंत काय खाल्लंस ते एक-एक लिही. कुठं एका जागी दुखतं का? आणि पाळी नियमित आहे का? शेवटचं इथं लिहायचं नसेल तर मेसेज कर.

धरमपेठची_पोर
डॉक्टर ताई, खाण्याचा प्रश्न नाहीये, मी व्यवस्थित आणि हेल्दी खाते. मी शेड्यूलचं विचारलं होतं.

ओपीडीनंतर
हो, तेच लिही. व्यवस्थित म्हणजे काय ते.

धरमपेठची_पोर
ठीक आहे. गट ५७. सप्टेंबरला ६०.४ होते, आज सकाळी ५८.१. मागच्या वर्षी ६३ मध्ये खेळले तर सगळ्या माझ्यापेक्षा उंच आणि जड होत्या, पहिल्याच मॅचला बाहेर, म्हणून या वेळी खाली यायचं ठरवलं.
काल: पहाटे काळी कॉफी, १२ किमी. आल्यावर दोन अंडी, थोडी पपई. दुपारी डब्यात एक ज्वारीची भाकरी, भाजी, ताक. पाचला चहा आणि मूठभर फुटाणे. क्लासनंतर सूप आणि काकडी. रात्री भात-पोळी बंद केलीय. सोमवारी उपवास असतो, दिवसभर काही नाही, संध्याकाळी क्लासच्या आधी एक केळं. रविवारी लाँग रननंतर सगळे तर्री पोहे खायला थांबतात तेव्हा मी फक्त चहा घेते.
डाव्या नडगीला आतल्या बाजूनं दुखतं पण ते शिन स्प्लिंट आहे, ग्रुपमध्ये सगळ्यांना असतं, बर्फ लावते.
पाळी ऑगस्टमध्ये आली होती. खरं सांगू तर बरंच वाटलं, ट्रेनिंगमध्ये अडथळा नको म्हणून.

ओपीडीनंतर
लिहिलंस ते फार चांगलं केलंस. आता हिशोब बघ, ढोबळ आहे पण कळेल. पळताना किलोमीटरला किलोमागे साधारण एक कॅलरी जाते. ६२ किमी आणि ६० किलो म्हणजे आठवड्याला ३७००, दिवसाला पाचशेच्या वर. ज्युदोचे चार क्लास दिवसावर वाटले तर अजून तीनशे-साडेतीनशे. तू लिहिलंयस ते मी उदार हातानं मोजलं तरी १५०० भरत नाही. म्हणजे व्यायाम वजा केला की हृदय, मेंदू, हाडं, हार्मोन्स या सगळ्यांना मिळून सहाशे-साडेसहाशे उरतात. तुझ्यासारख्या बांध्याला हे उरलेलं १३५०-१४०० च्या खाली गेलं की शरीर एक-एक खोली बंद करायला लागतं, आणि सगळ्यात आधी पाळीची.
याला रेड-एस म्हणतात, रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये हे नाव दिलं. पेस पडतो, पकड जाते, चिडचिड, रडू, झोप उडते. इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं कमजोर होतात, म्हणून मला तुझ्या नडगीची काळजी जास्त आहे. एक कर. बोटानं नडगी वरून खाली दाबत ये. दुखणं हातभर पसरलेलं आहे का एका रुपयाएवढ्या जागेवर बोट ठेवताच टचकन पाणी येतं? आणि रात्री बसल्या-झोपल्या दुखतं का?

धरमपेठची_पोर
एका जागी. रुपयाएवढंच. रात्री पण, दोन-तीन दिवसांपासून.

ओपीडीनंतर
उद्यापासून पळणं बंद, फेकणं-पडणं बंद. हे मी "आराम कर" म्हणून सांगत नाहीये, हाड तुटायच्या आधी थांब म्हणून सांगते आहे. ऑर्थोला दाखव, आणि नुसत्या एक्स-रेवर समाधान मानू नकोस, सुरुवातीला त्यात बऱ्याचदा काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. सोबत गायनॅककडे जा, पाळी न येण्याला इतर कारणंही असतात, प्रेग्नन्सी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, ते आधी बघतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी पण तपास.

पहाटे_साडेचार
मी शूजचं विचारत बसलो, माफ कर. आमच्या ग्रुपमध्ये पण आपण सगळे "शिन स्प्लिंट आहे, चालतं" म्हणतो.

गोल्डन_स्कोअर
ताई, एक ज्युदोवाला म्हणून बोलतो. वजन उतरवून खालच्या गटात जाणं हे आम्हीच शिकवतो पोरींना, आणि कसं उतरवायचं ते कोणी शिकवत नाही. मी १९ वर्षांचा असताना स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणी बंद करून, दोन स्वेटर घालून मे महिन्यात पळालो होतो आपल्या नागपुरात. वजन बसलं, मॅच ४० सेकंदांत गेली. तू ५७ मध्ये कमजोर होऊन खेळण्यापेक्षा ६३ मध्ये पोटभर जेवून खेळ. उंच मुलींसाठी पकड वेगळी लागते, ती शिकता येते.

नवीन_आई_मानेवाडा
नमस्कार, मधेच विचारते. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, मानेवाडा-हुडकेश्वरकडे ज्युदोचा चांगला क्लास आहे का? हे सगळं वाचून भीती वाटली, लहान मुलांना चालतं ना?

जुना_आखाडा
चालते ना बाप्पा, आधी पडायले शिकवतात, मग पाडायले. फक्त डबा भरून देजा.

धरमपेठची_पोर
दहा दिवसांनी लिहिते आहे, उत्तर दिलं नाही त्याबद्दल सॉरी. एक्स-रे साफ आला, घरचे म्हणाले बघ काही नाही, पण मी ताईंचं ऐकून एमआरआय करायला सांगितलं. टिबियाला, म्हणजे नडगीच्या हाडाला, स्ट्रेस फ्रॅक्चर (बारीक तडा) आहे, सुरुवातीचं. फेरिटिन ९. सहा ते आठ आठवडे पळणं नाही, रँदोरी नाही. म्हणजे डिसेंबर गेलं, जानेवारी पण गेलं.
दोन दिवस कोणाशी बोलले नाही. मग क्लासला गेले, सरांना पाळीसकट सगळं सांगितलं, मला वाटलं होतं ते चिडतील, पण ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले वजनगटाचं मी तुला आधी विचारायला हवं होतं. आता काठावर राहून पकडीचा व्यायाम करते, टॉवेलला लोंबकळून. ऑर्थो म्हणाले दुखणं नसेल तर पाण्यात पळता येईल. आई रात्री समोर बसून वरण-भात संपवायला लावते. सोमवारचा उपवास सोडला, त्याचं जरा वाईट वाटतं अजून. काल रात्री पहिल्यांदा सलग सात तास झोपले.
पाण्यात पळायचं म्हणजे नक्की काय करायचं कोणी केलंय का?

पहाटे_साडेचार
मी केलंय, गुडघ्याच्या वेळी. खोल पाणी हवं, पाय तळाला टेकता कामा नयेत. कमरेला फ्लोटिंग बेल्ट लावायचा, अंग थोडं पुढं झुकवून पळतो तसेच हात-पाय चालवायचे, सायकल मारल्यासारखं होऊ द्यायचं नाही. पहिल्या दिवशी २० मिनिटं पुरे. माझा बेल्ट घरी पडून आहे, रविवारी फुटाळ्यावर घेऊन येतो, साडेसातला पोह्यांच्या ठेल्यापाशी ये. आणि या वेळी नुसता चहा नाही.

धरमपेठची_पोर
येते. प्लेट माझ्यासाठी पण सांगा, तर्री जास्त.