मदत हवी आहे: लोडरवाला जुना ट्रॅक्टर घेतोय, हायड्रॉलिक कसं तपासू?

मळेवाला:
उद्या सकाळी ७ ला ट्रॅक्टर बघायला जायचंय. स्वराज ८५५, पुढे बकेटवाला लोडर बसवलेला. मालक साडेपाच लाख सांगतोय. इंजिनमधलं मला कळतं, हायड्रॉलिकमधलं ओ की ठो कळत नाही. काय बघू? लवकर सांगा, तो टोकन मागतोय.

बांधावरचा:
पलटी नांगर जोडायचा, वर उचलायचा, इंजिन बंद करायचं आणि चहा पिऊन यायचं. नांगर जागेवर असला तर लिफ्ट पास.

मळेवाला:
मागची लिफ्ट नाही हो, लोडरचं विचारतोय.

स्पॅनर१४:
लोडरचा पंप पुढे वेगळा बसवलाय की ट्रॅक्टरच्याच पंपावरून तेल घेतलंय? आर्म उचलणारे तेलाचे जॅक एकेरी की दुहेरी, म्हणजे प्रत्येकाला एक पाईप की दोन? किती तास चाललाय? एवढं तरी सांगा राव.

मळेवाला:
पंप पुढे क्रँकवर, टाकी वेगळी. प्रत्येक जॅकला दोन पाईप आहेत. तासाचं मीटर बंद आहे.

फडकरी:
मीटर बंद म्हणजे सोडून द्या. माझ्या मेहुण्याने असाच घेतला होता. वर्षात दोनदा क्लच प्लेट, पुढच्या अ‍ॅक्सलचे बुश गेले ते वेगळेच. त्यापेक्षा जेसीबी तासावर बोलवा.

मळेवाला:
४० जनावरांचं शेण रोज उचलायचंय. रोज जेसीबी?

स्पॅनर१४:
सकाळी ७ ला जाऊच नका. गार तेल जाड असतं, झिजलेला पंपसुद्धा बकेट उचलून दाखवतो. दुपारी जा, अर्धा तास मुरूम भरायला लावा. तेल तापल्यावर रेस वाढवल्याशिवाय उचलत नसेल तर पंप नाहीतर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) गेलाय. मग भरलेली बकेट वर नेऊन इंजिन बंद, लिव्हर मध्यावर. टेपने जॅकचा उघडा रॉड मोजा, १० मिनिटांनी परत मोजा. मोजताना आर्मच्या खाली जायचं नाही, बाजूने मोजा.

फडकरी:
आर्म उतरला तर जॅकची तेल अडवणारी सीलं गेली. सील किट टाकलं की झालं.

स्पॅनर१४:
हेच सगळे करतात आणि पैसे घालवतात. दुहेरी जॅकचे दोन्ही पाईप व्हॉल्व्हने बंद असतील तर आत शिरणाऱ्या रॉडने ढकललेलं तेल जाणार कुठे? आर्म उतरतोय म्हणजे आधी लिव्हरचा कंट्रोल व्हॉल्व्ह बघायचा. आर्म जागेवर आणि बकेटचंच तोंड खाली झुकत असेल, तर बकेटच्या जॅकचं सील. तिथे वजन रॉडला बाहेर ओढतं.

फडकरी:
आमचा मिस्त्री २० वर्षं सीलच बदलतोय.

स्पॅनर१४:
म्हणूनच २० वर्षं बदलतोय.

सातबारा:
आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते आधी बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.

गोठेवाली:
टाकीतलं तेल ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी गेलंय. बकेट जमिनीवर टेकवून रॉडवर नख फिरवा. अडकलं तर क्रोम उडालाय, नवं सील तो महिन्यात कापतो. आणि पाईप गळतोय का बघायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. सुईएवढ्या भोकातून आलेलं तेल कातडीत घुसतं. आमच्या गड्याचं बोट त्यातच गेलं, ठिपका दिसत होता फक्त, म्हणून दोन दिवस हळद लावत बसला.

मळेवाला:
जाऊन आलो, दुपारीच. 'सकाळी येणार होता ना?' असं मालकाने तीनदा विचारलं. पहिल्या दहा खेपा झकास. अर्ध्या तासाने रेस दिल्याशिवाय बकेट हलेना. १० मिनिटांत रॉड ३ इंच आत गेला, बकेटचं तोंड मात्र तसंच. नख कुठे अडकलं नाही. साडेचार लाखाला मागितलाय, तो पाचच्या खाली येत नाही. पंप आणि व्हॉल्व्ह दोन्ही धरून किती खर्च येईल?

स्पॅनर१४:
पंप कुठल्या कंपनीचा? प्लेटचा फोटो टाका.

बांधावरचा:
आणि मागची लिफ्ट बघितली का?