ऑटिझमच्या उपचारांची तटस्थ माहिती कुठे बघायची?

प्रश्न (चोपडा): पुतण्या साडेतीन वर्षांचा, नुकतंच निदान झालंय. स्टेम सेल, ऑक्सिजन चेंबर, गहू-दूध बंद… जो तो वेगळं सांगतो. विकणाऱ्याचं ऐकायचं नाही, मग बघायचं कुठे?

उत्तर (स्पीच थेरपिस्ट, जळगाव): ताई, कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था आहे; तिच्या साइटवर उपचाराचं इंग्रजी नाव टाका आणि सोप्या भाषेतला सारांश तेवढा वाचा. पुरावा किती भक्कम, ते त्यात असतं. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची मुलांसाठीची 2013 ची मार्गदर्शिकाही बघा: ऑक्सिजन चेंबर, किलेशन (शरीरातले जड धातू काढायचं औषध), सिक्रेटिन (एक हार्मोन) नको, असं स्वच्छ लिहिलंय. ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी गहू-दूध तोडायलाही नकारच. गव्हाऐवजी कळण्याची भाकरी चालेल हो, पण दूध गेलं की कॅल्शियम कमी पडतं, आणि ही मुलं आधीच दोन-चार पदार्थांवर असतात.

उत्तर (धुळे): स्टेम सेलचं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत वाचा. ऑटिझमसाठी मान्यता नाही, फक्त नोंदणीकृत संशोधन-चाचणीत (क्लिनिकल ट्रायल). ‘आमची चाचणीच आहे’ म्हणाले तर सीटीआरआय (अशा चाचण्यांची देशातली नोंदवही) क्रमांक मागा. वर पैसेही मागितले तर तिथूनच उठा.

उत्तर (स्पेशल एज्युकेटर, भुसावळ): व्हिडिओतल्या ‘फरक पडला’वर जाऊ नका. तीन गोष्टी एकदम सुरू केल्या की कशाने फरक पडला ते कळतच नाही, शिवाय मूल वाढतही असतं. एका वेळी एकच सुरू करा. त्याआधी दोन आठवडे वहीत मोजा: जेवताना पाणी हवं म्हणून तो किती वेळा बोट दाखवतो. नंतरही तेच मोजा. स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर यांचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक जरूर विचारा.