मदत हवी आहे: श्रीलंकेतली नोकरी रेकॉर्डवर नाही, दोन मेडल राहिलेत, दुरुस्ती कशी करायची?

सर्वांना जय हिंद. मी माजी सैनिक, गाव खटाव तालुक्यात, सातारा जिल्हा. फेब्रुवारी १९८३ ला इन्फन्ट्रीत भरती, १७ वर्षं करून फेब्रुवारी २००० ला हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो. पलटण कुठली, रेकॉर्ड ऑफिस (सेवेच्या नोंदी ठेवणारं) कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही, मला कुणाची बदनामी करायची नाही, फक्त माझी नोंद बरोबर करून घ्यायचीय.

विषय असा की मी एमटी (गाड्यांच्या) प्लाटूनमध्ये ड्रायव्हर होतो. जानेवारी १९८८ ला आमच्यातले काही ड्रायव्हर दुसऱ्या युनिटला अटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरते जोडून, पाठवले, ते युनिट आयपीकेएफमध्ये (भारतीय शांतिसेनेत) श्रीलंकेला चाललेलं, आमची मूळ पलटण काही तिकडे गेली नाही. मद्रासला गाड्या जहाजावर चढवल्या, त्रिंकोमालीला उतरवल्या, आणि तिथून सप्टेंबर १९८९ पर्यंत मी शक्तिमान ट्रक चालवली. रेशन, पाणी, दारूगोळा, कधी जखमी पोरं. सकाळी रोड ओपनिंगवाले सुरुंग बघत पुढं जायचे आणि मागून आमची कानवाई, म्हणजे गाड्यांचा ताफा. तिकडे आपले अकराशेच्या वर जवान शहीद झाले. त्यातल्या दोघांना मी माझ्या गाडीतून मागं आणलंय म्हणून हे सगळं कागदावर नाही असं कुणी म्हणलं की मला सहन होत नाही.

रिटायर होताना डिस्चार्ज बुकावर सही करा म्हणले, केली. घरी जायची घाई, पानं कोण वाचतंय. मेडलच्या पानावर तीनच आहेत, सैन्य सेवा मेडल, हाय अल्टिट्यूडचं, आणि १९९७ चं स्वातंत्र्याच्या ५० वर्षांचं. श्रीलंकेचं स्पेशल सर्व्हिस मेडल नाही आणि ९ वर्षं पूर्ण झाल्याचं लाँग सर्व्हिसचं पण नाही. नऊ वर्षं भरली फेब्रुवारी १९९२ ला, तेव्हा मी लडाखला होतो, शीट रोलवर (सेवेच्या नोंदीच्या कागदावर) लाल शाईची, म्हणजे शिक्षेची, एकही एन्ट्री नाही, मग ते का राहिलं तेही कळत नाही.

(गावात बरेच जण स्पेशल सर्व्हिसला विशिष्ट सेवा मेडल समजतात, तसं नाही, विशिष्ट सेवा वेगळं आणि फार मोठं आहे. मी ते मागत नाही. मला जे तिकडं गेलेल्या सगळ्यांना मिळालं तेवढंच, ‘श्रीलंका’ क्लॅस्पवालं (रिबनवर नावाची पट्टी असलेलं).)

आतापर्यंत काय केलं: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पाठवला, त्यांनी मनापासून मदत केली, पण रेकॉर्डकडून दोन ओळींचं पत्र आलं की सदर कालावधीत श्रीलंकेतील सेवेची नोंद आढळत नाही. बास. परत अर्ज केला, परत तेच पत्र, फक्त तारीख वेगळी.

माझ्याकडं पुरावा म्हणून काय आहे तर मंडळींनी माझी सगळी अंतर्देशीय पत्रं ट्रंकेत जपून ठेवलीत, तेवीस आहेत. पण त्यावर गावाचं नाव कुठंच नाही, पत्ता एपीओचा (लष्करी टपाल कार्यालयाचा) आणि शिक्का फील्ड पोस्ट ऑफिसचा, नुसता नंबर आणि तारीख. एका पत्रावर १७ ऑगस्ट १९८८ स्पष्ट वाचता येतं. दुसरा एक फोटो, मी शक्तिमानच्या पुढं उभा, मागं नारळीची झाडं, गाडीची नंबर प्लेट दिसते, वर तोंड केलेला बाण आणि आकडे, पण शेवटचे दोन आकडे माझ्या गुडघ्यामागं गेलेत. मूव्हमेंट ऑर्डर होती, ती २००५ च्या पावसात घराची भिंत पडली त्यात भिजून गेली.

दुकानात कुठलंही मेडल विकत मिळतं हे मला माहीत आहे, शहरातल्या एकानं लावून पण दाखवलं छातीवर. काढून ठेवलं. रेकॉर्डवर नसलेलं मेडल घालून मी २६ जानेवारीला शाळेत झेंड्याला उभा राहणार नाही. पैशाचाही काही विषय नाही, या मेडलमागं पेन्शन वाढत नाही. नातू सहावीत आहे, त्यानं डिस्चार्ज बुक वाचलं आणि विचारलं आजोबा यात श्रीलंका कुठंय.

तर विचारायचं हे की अटॅचमेंटवर गेलेल्याची नोंद मूळ युनिटनं करायची असते का ज्या युनिटबरोबर गेला त्यांनी? आरटीआय टाकायची तर नेमकं काय मागायचं? आणि सरळ ट्रिब्युनलला (सशस्त्र दल न्यायाधिकरणाला) जावं का? कुणी १९८८-८९ ला त्रिंकोमाली-वावुनिया रोडवर कानवाईत असेल तर कृपा करून लिहा.

प्रतिसाद, निवृत्त सुभेदार (क्लार्क):

जय हिंद हवालदारसाहेब. २६ वर्षं बाबूगिरी केली, त्यातली बरीच पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या सेवेतल्या बदलांची युनिटनं काढलेली अधिकृत नोंद, लिहिण्यात. तुमचं काय झालं असणार ते सांगतो. अटॅचमेंटला जवान जातो पण त्याचे डॉक्युमेंट मूळ युनिटमध्येच राहतात. श्रीलंकेवाल्या युनिटनं मेडलचा क्लेम लावला तो त्यांच्या नॉमिनल रोलवरून (जवानांच्या नावांच्या यादीवरून), त्यात तुम्ही नाही. तुमचं युनिट तिकडं गेलंच नाही, त्यामुळं त्यांनी क्लेम लावायचा प्रश्नच आला नाही. दोघांच्या मधे तुम्ही राहिलात. असे ड्रायव्हर, कुक, सिग्नलवाले बरेच राहिलेत.

मेडल मागणं सध्या थांबवा, आधी पार्ट टू ऑर्डर शोधा, कारण रेकॉर्डवाला त्याशिवाय शीट रोलमध्ये एक अक्षर लिहू शकत नाही. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून आरटीआय टाका. ‘मेडल का दिलं नाही’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर मिळत नाही, कागद मागा. माझ्या शीट रोलच्या सगळ्या पानांची प्रत, १९८७ ते १९९२ मधले माझ्या नंबरवरचे सगळे पार्ट टू ऑर्डर, आणि माझ्या मेडिकल डॉक्युमेंटची प्रत. आर्मी नंबर शेवटच्या अक्षरासकट लिहा, ते अक्षर चुकलं तर दुसऱ्याचीच फाईल शोधतात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर तिथेच पहिलं अपील. पेन्शन नसलेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात, तुम्ही पेन्शनर आहात, तुमचा शीट रोल असणार.

दुसरी आरटीआय त्या श्रीलंकेवाल्या युनिटच्या रेकॉर्डला, वेगळी. पगाराच्या लेजरची प्रत पे ऑफिसकडून मागा, कुठल्या युनिटवर होतात ते कधी कधी तिथं उमटतं. नऊ वर्षांचं मेडल सोपं आहे, भरतीची तारीख आणि कंडक्ट शीट दोन्ही त्यांच्याकडेच आहे, त्याचा अर्ज वेगळा करा, दोन्ही एकात घातलं की दोन्ही अडकतं. बरोबरच्या दोन जवानांचं ॲफिडेव्हिट जोडा, ज्यांच्या रेकॉर्डवर श्रीलंका आहे अशांचंच.

ट्रिब्युनलची मुंबईला बेंच आहे, पण ते पहिलं विचारणार की खात्यात सगळे अर्ज झाले का. आणि शेवटचा नकार आला की सहा महिन्यांची मुदत सुरू होते, म्हणून येणारं प्रत्येक पत्र पाकिटासकट ठेवा.

एक विचारतो, तिकडं कधी ॲडमिट झाला होता का? हॉस्पिटलचा कागद युनिटवर अवलंबून नसतो, तो वेगळ्या वाटेनं फाईलला लागतो.

धागाकर्ता:

साहेब, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. एवढं नीट मला कुणीच सांगितलं नव्हतं. शेवटचा प्रश्न वाचला आणि मंडळींना विचारलं, ती लगेच म्हणाली कावीळ झाली होती की तुम्हाला, मे महिन्यात, चौदा दिवस पत्र नव्हतं आलं. रात्री सगळी पत्रं परत वाचली. जून १९८९ च्या पत्रात मीच लिहिलंय की फील्ड हॉस्पिटलमध्ये होतो, आता बरा आहे, काळजी करू नको, आणि त्याच पत्रात घडी करून घातलेली डिस्चार्ज स्लिप आहे. पेन्सिलनं लिहिलेली, पुसट झालीय, पण माझा नंबर शेवटच्या अक्षरासकट आहे, नाव आहे, आणि युनिटच्या जागी त्या अटॅचमेंटवाल्या युनिटचं नाव आहे. छत्तीस वर्षं ती ट्रंकेत होती.

स्लिपचे उजेडात फोटो काढून घेतलेत, ओरिजिनल प्लॅस्टिकमध्ये ठेवली. सोमवारी वडूजला पोस्टात जाऊन तीन पोस्टल ऑर्डर आणतो, अर्जाचा मसुदा आधी इथं टाकतो, तुम्ही एकदा नजर घाला साहेब. आणि कानवाईतल्या कुणाचा पत्ता लागला तर अजूनही सांगा, ॲफिडेव्हिटला दोघं लागतील, माझ्या माहितीतला एकच राहिलाय.