किझीच्या चर्चवरच्या फळ्या काढायला नको होत्या

ओसरी:
रशियात कारेलियामध्ये ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावर १७१४ सालचं चर्च आहे. २२ घुमट, ३७ मीटर उंची, आणि सगळं एकावर एक रचलेल्या ओंडक्यांचं. एकोणिसाव्या शतकात त्याला बाहेरून फळ्या ठोकल्या, घुमटांवर पत्रा चढवला. १९५०च्या दशकात वास्तुविशारद अलेक्झांडर ओपोलोव्हनिकोव्ह यांनी ते सगळं उतरवून 'मूळ रूप' परत आणलं.

मला हे पटत नाही. ओंडक्याच्या भेगेत पाणी मुरतं, कोपऱ्यावरची कापलेली टोकं तर ते शोषूनच घेतात. कोकणात पावसाळ्याआधी आपण मातीच्या भिंतीला झाप बांधतो, तशाच त्या फळ्या. शिवाय शंभरावर वर्षं अंगावर असलेल्या फळ्यांना इतिहासातून वजा कुणी करायचं?

तुळई:
अजिबात सहमत नाही. त्या इमारतीचा जीव ओंडक्यांच्या सांध्यांत आणि अस्पेन नावाच्या झाडाच्या लाकडी कौलांत आहे. ही कौलं उन्हापावसात चंदेरी होतात. पत्र्याखाली ते दिसणार कसं? (एकही खिळा न वापरता बांधलंय म्हणतात ते खरं नाही, कौलं खिळ्यांनीच बसवलीत.) आणि फळ्यांमागे ओल कोंडली तर आत काय कुजतंय ते कळतही नाही.

ओसरी:
मागे हवा खेळती ठेवली तर ओल कोंडत नाही. उघड्यावर काय झालं तेही बघा. १९८०च्या दशकात आतली संतचित्रांची लाकडी भिंत उतरवून आधाराला लोखंडी सांगाडा उभारावा लागला. सगळा दोष फळ्या काढण्याला देत नाही, वय आणि कीडही आहेच. पण कवच काढून काही भलं झालं नाही.

रानवाट:
तुम्ही दोघंही रूपावरच भांडताय. लाकडाचं काय? अमेरिकेत केंटकीत हॉजनव्हिलला ग्रॅनाइटच्या स्मारकात एक ओंडक्यांची खोली आहे, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनचं जन्मघर म्हणून जपलेली. लिंकनचा जन्म १८०९चा, आणि लाकडातली वर्षागणिक वाढीची वलयं तपासली तेव्हा ओंडके १८४८च्या सुमाराचे निघाले. रूप शोभतं, पण लाकूड त्या घराचं नाही.

किझीत अलीकडे जे काम झालं ते मला म्हणून मोठं वाटतं. वरचा भाग जॅकवर उचलून धरायचा, खालचा थर सोडवायचा, प्रत्येक ओंडका तपासून कुजलेलाच भाग बदलायचा, आणि तो परत त्याच जागी बसवायचा. २०२०मध्ये ते पूर्ण झालं. फळ्या परत लावा किंवा लावू नका, आधी तो ओंडका वाचला पाहिजे.

तुळई:
लिंकनच्या खोलीबद्दल मान्य. पण ओंडका वाचवायचा तर तो रोज डोळ्यांसमोर हवा. उघड्या भिंतीवर नवी भेग, बुरशी, भुसा लगेच दिसतो. फळ्यांमागे तेच दहा वर्षांनी कळलं असतं. माझं मत बदललेलं नाही.

ओसरी:
दिसावं म्हणून भिजवायचं? चार फळ्या काढता येतील अशा ठेवल्या तरी आत बघता येतं.