कोकणी मुसलमान तरुण: गल्फने ओळख दिली की घालवली?

बाणकोटकर:
म्हसळा-श्रीवर्धनपासून खेड-चिपळूणपर्यंत आमच्या मोहल्ल्यांत पोरगा मोठा झाला हे पासपोर्टावरून ठरतं. आधी बोटीवर खलाशी, सत्तरच्या दशकात तेलाचे भाव चढल्यावर कुवेत, सौदी. मुसलमान तरुण म्हटला की बाहेर चर्चा मदरशाची. आमचा घोर व्हिसाचा. 2011 मध्ये सौदीने 'निताकत' आणून कंपन्यांना स्थानिकांची भरती सक्तीची केली. 2017 पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे दरमहा 100 रियाल फी लावली, 2020 पर्यंत ती 400 झाली. वाट अरुंद झाली, दुसरी कुणी दाखवली नाही. जागतिकीकरणाने पोरांची ओळख पुसली नाही, लटकवून ठेवली.

चिपळूणचा पाहुणा:
साफ असहमत. आजोबा लुंगीत, नातू ईदला पांढऱ्या तोबमध्ये, म्हणजे अरबी झग्यात. उरुसाला जाणं आता बिदअत, म्हणे धर्मात घुसडलेली नवी गोष्ट! हे सगळं रियालबरोबरच आलं. जागतिकीकरण काय फक्त अमेरिकेहून येतं?

सातनंबरी:
काका, रियाध कधीच पुढे गेलं. 2018 ला तिथे थिएटरं उघडली, 2023 पासून रोनाल्डो तिथल्या अल-नस्र क्लबकडून खेळतोय. माझा धाकटा भाऊ त्याचीच जर्सी घालून नमाजाला जातो आणि मैदानात शिव्या मात्र अस्सल कोकणीत देतो. कुठली ओळख गेली?

चिपळूणचा पाहुणा:
म्हणजे तिकडचे बदलले आणि इकडे उरुसाला नाकं मुरडणारे तसेच राहिले. माझाच मुद्दा झाला की!

खाडीपलीकडची:
तोब नि जर्सी पुरे झाली. अब्बा दोन वर्षांनी यायचे, तेव्हा धाकटा त्यांना बघून आतल्या खोलीत पळायचा. बँक, तलाठी, स्लॅबच्या दिवशी गवंड्यांशी भांडण, सगळं अम्मीनं निभावलं. तरी भाऊ आजही म्हणतो, "घर अब्बांनी बांधलं." कमावणारा तोच पुरुष, ही समजूत गल्फने उलट पक्की केली.

बाणकोटकर:
स्लॅबचं मान्य, पण सिमेंटचे पैसे कुठून आले? आणि मुंबईत पार्सलं पोचवणाऱ्याला स्थळ येत नाही, तेच काम दोह्यात केलं की येतं. सोयरीक ठरवताना बायकाही असतातच.

खाडीपलीकडची:
असतात. मीच सध्या भावासाठी फोन फिरवतेय. पहिला प्रश्न, "मुलगा कुठे असतो?" चिपळुणात एसी दुरुस्त करतो म्हटलं की, "कळवतो हां."