चुंबक गेला, तरी थंडी आणि एसी करंट उरतातच

टोपॉलॉजिकल मटेरियलला (पृष्ठभागावर किंवा कडेने खास पद्धतीने वीज वाहून नेणाऱ्या पदार्थाला) चुंबक लागत नाही, त्यामुळे रेझिस्टन्सचं क्वांटम स्टँडर्ड, म्हणजे निसर्गाच्या स्थिरांकांवरून ठरणारा संदर्भ-रेझिस्टन्स, उद्या सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या कॅलिब्रेशन लॅबमध्येही बसेल, असा दावा केला जातो. चुंबकाचं खरं आहे. अशा स्टँडर्डसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅलियम आर्सेनाइडच्या चिपला साधारण 10 टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र लागतं, क्रोमियम किंवा व्हॅनेडियम मिसळलेल्या बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइडला एकदा चुंबकित केल्यावर बाहेरचं क्षेत्र नको. पण अचूक मोजणीसाठी तापमान काही दहा मिलिकेल्व्हिनवर (निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ) न्यावं लागतं, आणि करंट मायक्रोअँपिअरच्या आसपास गेला की पठार, म्हणजे रेझिस्टन्स ठरावीक क्वांटम किमतीवर स्थिर राहण्याचा पट्टा, मोडतं. ग्राफीन 5 टेस्ला मागतं, पण 4 केल्व्हिनवर चालतं. सध्या मला तेच जास्त व्यवहार्य वाटतं.

या दाव्याच्या चर्चेत सगळे डीसीवरच (एकाच दिशेच्या करंटवरच) बोलताहेत. आपल्याकडचे एलसीआर मीटर (कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर मोजणारी उपकरणं) एसीवर, 1 किलोहर्ट्झला तपासले जातात, आणि तिथे खरी कसोटी लागते. 12,906.4 ओहमच्या पठाराशी क्वाड्रेचर ब्रिजने (रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्सची तुलना करणाऱ्या एसी सर्किटने) 10 नॅनोफॅरडचा कपॅसिटर जुळवायचा, तर फ्रिक्वेन्सी सुमारे 1233 हर्ट्झ येते. ओहमवरून फॅरड मिळतो तो असा. मात्र चिप आणि आजूबाजूच्या धातूतल्या कपॅसिटन्समधून होणाऱ्या लॉसमुळे पठार फ्रिक्वेन्सीबरोबर तिरकं होतं. म्हणून चिपभोवती दोन भागांची शील्ड बसवून तो लॉस-करंट योग्य टर्मिनलकडे वळवतात. केबलही कमी त्रासदायक नाही: साध्या कोॲक्स केबलचे दर मीटरला साधारण 100 पिकोफॅरड थेट या रेझिस्टन्सला समांतर आले, तर 1 किलोहर्ट्झवर इंपीडन्सची (एसीसाठीच्या एकूण रोधाची) किंमत दशलक्षात 33 भागांनी घटते, 10 किलोहर्ट्झवर त्याच्या जवळजवळ शंभरपट. त्यामुळे एलसीआरच्या चारही कोॲक्सच्या शील्ड मोजायच्या भागापाशीच एकत्र जोडा, आणि ओपन-शॉर्ट करेक्शन (टोकं उघडी ठेवून आणि जोडून घेतलेली दुरुस्ती) त्याच केबलवर, त्याच फ्रिक्वेन्सीला घ्या.