खाडीच्या अलीकडे कोल्हापूर, पलीकडे मुंबई. अमेरिकेत राज्याचे कोर्टाचे जिल्हे कोण पाडतं?

वेसवीकर

नमस्कार मंडळी. प्रश्न अमेरिकेचा आहे, दुखणं मात्र वेसवीचं.

मी मंडणगड आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो. घर वेसवीला, जेटीच्या वरच्या अंगाला. चुलतभावाशी कलमांच्या बागेच्या वाटपाचा दावा अकरा वर्षं चाललाय. मागच्या महिन्यात खेडला जिल्हा न्यायाधीशांसमोर अपील हरलो. आता दुसरं अपील हायकोर्टात. वकील म्हणाले, "मुंबई विसरा, कोल्हापूर." १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचं काम तिथल्या सर्किट बेंचकडे, म्हणजे हायकोर्टाच्या फिरत्या खंडपीठाकडे गेलंय.

आता माझी पंचाईत बघा. ओट्यावर चहा घेऊन बसलो की समोर बागमांडला दिसतं. मध्ये सावित्रीची खाडी, फेरीबोटीत गाडी घातली की चहा निवायच्या आत पलीकडे. पण पलीकडे रायगड, त्यांचं हायकोर्ट मुंबई. अलीकडे रत्नागिरी, आमचं कोल्हापूर. मुंबईची गाडी आमच्या अंगवळणी पडलेली, रात्री बसायचं नि सकाळी उतरायचं. कोल्हापूरला जायचं तर मंडणगड, खेड, चिपळूण, मग कुंभार्ली घाट, पाटण, कराड आणि तिथून हायवे. पावसाळ्यात घाटात दरड आली की तारीख गेलीच म्हणून समजा. नोकरीत त्या घाटाने माझी किती तिकीटं भिजवलीत ते मलाच ठाऊक.

हे रडगाणं फोनवर भाच्याला ऐकवत होतो. तो कॅलिफोर्नियात फ्रेज्नोला असतो, तिकडचा नागरिक झालाय. त्याला फेडरल, म्हणजे तिकडच्या केंद्राच्या, कोर्टाचं ज्यूरीचं बोलावणं आलंय. ज्यूरी म्हणजे खटल्यात पंच म्हणून बसणारी साधी माणसं. कागदावर लिहिलंय "कॅलिफोर्नियाचा पूर्व जिल्हा". मी म्हटलं, अरे, नकाशात तर तुझं गाव राज्याच्या पार मध्यात दिसतंय. तो म्हणतो, "मामा, मध्य जिल्हा म्हणजे लॉस एंजेलिस." लॉस एंजेलिस तर समुद्रावर!

तर जाणकारांनी सांगावं. ह्या रेघा तिकडे कोण ओढतं? एका राज्याचे चार तुकडे आणि दुसऱ्याचा एकही नाही, असं का? आणि रेघ ओढताना माझ्यासारख्याच्या खाडीकडे कोणी बघतं का?

काळाकोट_रत्नागिरी

वेसवीकर काका, आधी एक खुलासा. तुमची कलमांची वाटणी अमेरिकेत असती तर ती फेडरल कोर्टात गेलीच नसती. घरच्या जमिनीचे वाद तिकडे राज्याच्या कोर्टात चालतात. फेडरल कोर्टात जातात ते केंद्राच्या कायद्याखालचे खटले, दिवाळखोरी, आणि वेगवेगळ्या राज्यांतल्या माणसांमधले पाऊण लाख डॉलरच्या वरचे दावे. तेव्हा चुलतभाऊ बागमांडल्याला आणि बागमांडला वेगळ्या राज्यात, असं असतं तर कदाचित.

रेघ ओढते ती तिथली संसद, म्हणजे काँग्रेस, आणि तीही कायदा करून. २४ सप्टेंबर १७८९ च्या कायद्याने पहिले १३ जिल्हे पाडले. तोवर घटनेला मान्यता देऊन संघात आलेली राज्यं होती ११. मग तेरा कुठून? मेन तेव्हा मॅसॅच्युसेट्सचा भाग आणि केंटकी व्हर्जिनियाचा. दोन्ही मूळ राज्यापासून दूर, म्हणून त्यांना राज्य होण्याआधीच स्वतंत्र जिल्हा दिला. म्हणजे तुमची तक्रार त्या लोकांना पहिल्या दिवसापासून माहीत होती. आज एकूण ९४ जिल्हे आहेत, त्यातले ८९ पन्नास राज्यांत.

कॅलिफोर्नियाची कथा तर आपल्याकडच्या तालुका पुनर्रचनेसारखी आहे. १८५० साली दोन जिल्हे, १८६६ मध्ये पुन्हा एक, १८८६ मध्ये परत दोन, आणि १९६६ पासून चार. कायद्यात काउंट्यांची, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांची, नावंच लिहिलेली असतात. ५८ काउंट्या, त्यातल्या पूर्व जिल्ह्यात ३४, उत्तरेत १५, मध्यात ७ आणि दक्षिणेत फक्त २. दक्षिणेच्या दोनात सॅन डिएगो येतं, म्हणून काउंट्या मोजून कामाचा अंदाज बांधू नये. दिशांची नावंही सैलच. किनाऱ्याची उत्तर बाजू सॅन फ्रान्सिस्कोच्या "उत्तर" जिल्ह्याने घेतली, तिच्या मागचा आतला पट्टा "पूर्व", आणि दक्षिणेकडचा किनारा कापताना मधला तुकडा लॉस एंजेलिसला मिळाला, त्याचं नाव "मध्य".

चार जिल्हे असलेली राज्यं तीनच: कॅलिफोर्निया, टेक्सस, न्यूयॉर्क. उलट न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स दाट वस्तीची असून एकेकच जिल्हा. अलास्का केवढं अवाढव्य, तिथेही एकच. एक सूत्र शोधायला जाल तर हाती लागणार नाही. जुन्या काळी घोड्याने किती दिवस लागतात हे बघून, कधी वाढलेल्या कामामुळे, तर कधी स्थानिक खासदाराच्या आग्रहाने रेघा पडल्या आणि मग तशाच राहिल्या. मोडतात क्वचित. साउथ कॅरोलायनाचे मात्र १९६५ मध्ये पूर्व आणि पश्चिम जिल्हे पुन्हा एक केले.

शिवाय जिल्हा पाडला म्हणजे खर्च आला. स्वतंत्र कोर्ट, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले आणि सिनेटने मान्य केलेले न्यायाधीश, वेगळा सरकारी वकील, कोर्टाचे हुकूम बजावणारा वेगळा मार्शल. तो खर्च टाळायचीही युक्ती जुनी आहे. टेनेसीचे १८०२ मध्ये दोन जिल्हे केले, पण न्यायाधीश एकच. पाट्या दोन आणि साहेब फिरतीवर. आजही जिल्हा न फोडता कोर्ट दोन-तीन गावांत बसवतात. तुमच्या भाच्याचा पूर्व जिल्हा सॅक्रामेंटोलाही बसतो आणि फ्रेज्नोलाही, म्हणून त्याला घरच्या गावात हजेरी लावता येईल.

आता आपल्यातला फरक. कोल्हापूर हे वेगळं हायकोर्ट नाही. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा, कोल्हापूर सगळीकडे एकच मुंबई हायकोर्ट बसतं. तिकडे एका जिल्ह्याच्या न्यायाधीशाचा निकाल शेजारच्या जिल्ह्यातल्या न्यायाधीशावर बंधनकारक नसतो. आणि कोल्हापूरसाठी संसदेत कायदा करावा लागला नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातल्या कलम ५१(३) खाली मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या संमतीने अधिसूचना काढली. माझ्या मते हीच तुमच्यासाठी आशेची जागा. संसदेने ओढलेली रेघ हलवायला पिढ्या जातात, अधिसूचनेत बदल व्हायला तेवढं लागत नाही.

हर्णैची

खाडीचा विषय निघाला म्हणून. फ्लोरिडाचे १८४७ मध्ये दोन जिल्हे केले ते फुटलेल्या जहाजांमुळे! दक्षिणेकडच्या खडकांवर गलबतं आदळायची, माल वाचवणारे आणि मालाचे मालक भांडायचे, आणि कोर्ट शेकडो मैल लांब. म्हणून दक्षिण जिल्ह्याचं ठाणं थेट की वेस्ट बेटावर नेलं. विल्यम मार्विन नावाच्या न्यायाधीशाने तिथे वर्षानुवर्षं हेच खटले चालवले. बंदरावर बसणारं कोर्ट! आमच्या बंदरात मासळीचा लिलाव संपला की जी भांडणं होतात त्यांच्यासाठीही एक हवं. 😄

देवगडवाला

वेसवीकर, तुमचं दुःख मान्य, पण सगळं कोकण म्हणजे मंडणगड नव्हे. आमच्याकडून गगनबावड्याने नाहीतर फोंडा घाटाने कोल्हापूर म्हणजे सकाळी निघून रात्री घरी जेवायला. मुंबईला माझ्या आज्याने एका तारखेसाठी तीन दिवस घालवलेत, दोन रात्री दादरला पावण्यांकडे. पावणी वैतागली, तारीख पुढे गेली. हे बेंच व्हावं म्हणून वकील मंडळी चाळीसेक वर्षं भांडत होती. एवढ्यासाठी ते मोडू नका हां.

वेसवीकर

@देवगडवाला, मोडायचं कोण म्हणतंय? देवगडला सोयीचं आहे ते आनंदाने मान्य. माझं म्हणणं एवढंच, की जिल्हा अखंड उचलून एका बाजूला टाकला की उत्तरेचं टोक लोंबकळतं. आम्ही आगारात फेऱ्या लावायचो तेव्हा जिल्ह्याची हद्द बघत नव्हतो, माणसं कुठल्या बाजाराला जातात ते बघत होतो. इथली माणसं महाडला जातात.

@काळाकोट, एक शंका. तिकडे रेघ राज्याची हद्द ओलांडते का? म्हणजे आमच्यासारख्या चार गावांना खाडीपलीकडे जोडायचं झालं तर?

काळाकोट_रत्नागिरी

राज्याची हद्द ओलांडणारा एकच जिल्हा आहे, वायोमिंगचा. यलोस्टोन उद्यानाचा थोडा भाग माँटाना आणि आयडाहो राज्यांत शिरतो, तोही वायोमिंगच्या कोर्टाला जोडून टाकलाय. त्यातून निघालेला पेच मोठा गमतीचा. फौजदारी खटल्यात ज्यूरी गुन्हा घडला त्याच राज्यातली आणि त्याच कोर्टाच्या जिल्ह्यातली हवी, आणि तो जिल्हा कायद्याने आधीच ठरलेला हवा, असं त्यांच्या सहाव्या घटनादुरुस्तीत आहे. आयडाहोतल्या त्या पट्ट्यात माणसं राहतच नाहीत. तिथे गुन्हा झाला तर ज्यूरीला बसवायचं कोणाला? कायद्याचे प्राध्यापक ह्यावर लेख लिहून बसलेत.

तुमच्या चार गावांना असला अडथळा नाही. हद्द राज्याची नाही, जिल्ह्याची आहे, आणि आपल्याकडे ज्यूरी कधीच बंद झाली. निवेदन द्या. पण अपिलाची मुदत तोवर थांबणार नाही, ९० दिवस आहेत, त्यातला एक महिना तुम्ही म्हणता तसा गेलाच. निकालाच्या नकलेला अर्ज केलात का?

वेसवीकर

नकलेचा अर्ज निकालाच्या दुसऱ्याच दिवशी टाकला, कंडक्टरची सवय आहे, हिशेब त्याच रात्री मिटवायचा.

निवेदनाचा कागद ग्रामपंचायतीत ठेवतो. आजच फेरीवर चुलतभाऊ भेटला. तो बागमांडल्याला राहतो, त्याचं सगळं येणंजाणं मुंबईला. त्याला वाटत होतं तो पलीकडचा म्हणून केस मुंबईला चालेल. मी म्हटलं, बाबा, बाग अलीकडे आहे. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मग जेटीला बोट लागेपर्यंत दोघं मिळून कुंभार्लीला शिव्या घालत होतो. अकरा वर्षांत पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.

गाडी त्याच्याकडे आहे. डिझेल निम्मं निम्मं, असं ठरतंय.